साक्ष आणि समेट

भांडण मिटल्यावर माणसांनीं पुन्हां एकत्र यावें, ह्या क्रियेस मराठींत शब्दांचा तोटा नाहीं. समेट, सलोखा, तडजोड, मनोमीलन, दिलजमाई असे पांचचार शब्द सहज जिभेवर येतात. परंतु ह्या शब्दांची थोडी झडती घेतली, तर त्या सर्वांच्या पोटीं एकच समजूत दडलेली आढळते. ती अशी कीं, दोन पक्ष होते. ते एकदां गोडीगुलाबीनें नांदत होते. मध्यंतरीं कांहीं कारणानें त्यांचें बिनसलें. दोघांच्याहि हातून थोड्याफार चुका झाल्या. आणि आतां दोघांनींहि चार पावलें मागें सरून पूर्वीचा स्नेह पुन्हां जोडावयाचा आहे. भाऊबंदांची भांडणें, बांधावरून झालेले शेजाऱ्यांचे तंटे, व्याहीव्याह्यांचे रुसवे ह्यांस ही समजूत चांगली लागू पडते. परंतु जेथें पूर्वीचा स्नेह म्हणून कांहीं नव्हताच, जेथें एकानें दुसऱ्याची भूमि घेतली, त्याचीं माणसें मारलीं, आणि वर तें सारें घडलेंच नाहीं असें म्हटलें, तेथें ‘समेट’ ह्या शब्दाचा अर्थ काय करावयाचा?

हा प्रश्न निव्वळ कोशकारांचा नाहीं. ऑस्ट्रेलियांत तो गेलीं तीसपस्तीस वर्षें नित्याच्या व्यवहारांतला प्रश्न होऊन बसला आहे. १७८८ सालीं इंग्रजांची पहिली वसाहत सिडनीच्या किनाऱ्यावर स्थापन झाली. ज्यांच्या अगणित पिढ्या त्या खंडांत नांदल्या होत्या त्यांची ती भूमि नव्हेच, ती बेवारस आहे, असें गृहीत धरून पुढील दोन शतकांचा सारा कारभार चालला. हें गृहीत खोटें होतें, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं एडी माबो व त्यांचे सहकारी ह्यांनीं लावलेल्या दाव्यांत दिला. त्याच्या एक वर्ष आधीं, १९९१ सालीं, मूळचे रहिवासी व इतर नागरिक ह्यांच्यांत समेट घडवून आणण्यासाठीं तेथील पार्लमेंटनें एक मंडळहि नेमलें होतें. आज दरसाल २७ मे ते ३ जून हा आठवडा ह्या समेटाच्या नांवानें पाळला जातो, आणि गांवोगांवच्या ज्या मंडळींनीं ह्या कामीं कांहीं केलें त्यांचा गौरव करण्याची चालहि पडली आहे. ह्या गौरवाचा अर्थ काय, तो कोणाचा व्हावा, आणि ज्याला समेट म्हणावयाचें तो मुळांत कशाचा बनलेला असतो, ह्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यासाठीं राजधानींतील भाषणें बाजूस ठेवून एका ओढ्याकांठच्या टेकडीकडे आम्ही वाचकांस नेतों. मोठ्या शब्दांचें खरें वजन लहान जागींच कळतें, असा आमचा अनुभव आहे.

न्यू साउथ वेल्स प्रांताच्या उत्तर भागांत बिंगारा नांवाचें एक लहान गांव आहे. त्या मुलुखांतून मायल क्रीक नांवाचा ओढा वाहतो. १८३८ सालीं त्या ओढ्यावर हेन्री डँगर ह्या जमीनदाराचें गुरांचें ठाणें होतें, आणि ठाण्यावरील झोपड्यांच्या शेजारींच गमिलाराय लोकांपैकीं विरायराय समूहाचीं कांहीं माणसें कित्येक आठवडे मुक्काम करून होतीं. ठाण्यावरील नोकरांशीं त्यांचें चांगलें जमलें होतें. आजूबाजूच्या प्रदेशांत मूळ रहिवाशांची शिकार चालू होती. आपण येथें तरी सुखरूप आहों, असा त्या बिचाऱ्यांचा भरंवसा होता. १० जून १८३८ रोजीं त्यांच्यांतील धडधाकट पुरुष शेजारच्या ठाण्यावर झाडांची साल काढण्याच्या कामास गेले होते. मागें राहिलीं होतीं तीं बहुतेक बायका, मुलें आणि म्हातारीं माणसें. दिवस कलतांकलतां हत्यारबंद घोडेस्वारांची एक टोळी तेथें आली. चार्ल्स किलमायस्टर नांवाचा ठाण्यावरील गुराखी, जो त्या लोकांत रोज मिळूनमिसळून वागे, तोहि तिला सामील झाला. एकूण बाराजण झाले. त्यांनीं त्या माणसांना एका लांब दोरानें बांधलें, टेकडीच्या उतारावर नेलें, आणि तेथें त्यांची कत्तल केली. मेलेल्यांची संख्या अठ्ठावीस मानली जाते. नंतर प्रेतें जाळण्यांत आलीं.

त्या काळीं त्या मुलुखांत अशा गोष्टी घडत, आणि घडल्या तशा विरून जात. ही मात्र विरली नाहीं. ठाण्याचा व्यवस्थापक विल्यम हॉब्स बाहेरगांवीं गेला होता. तो परत आला, त्यानें अर्धवट जळालेले अवशेष पाहिले, आणि तो गप्प बसला नाहीं. त्याचें फळ त्याला पुढें नोकरीस मुकून भोगावें लागलें. गव्हर्नर जॉर्ज गिप्स ह्यांनीं चौकशीचा हुकूम दिला. एडवर्ड डेनी डे ह्या मॅजिस्ट्रेटानें अकरा जणांस पकडलें. बारावा, जॉन फ्लेमिंग, हा टोळींतील एकटाच जन्मतः स्वतंत्र मनुष्य होता, बाकीचे काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आलेले किंवा ती भोगून सुटलेले कैदी होते. आणि हा एकटाच फरारी झाला व कधींहि सांपडला नाहीं. आरोपींच्या बचावासाठीं जमीनदारांनीं वर्गणी काढली. १५ नोव्हेंबर १८३८ रोजीं पहिला खटला झाला, व अर्धा तासहि न घेतां ज्यूरीनें सर्वांना निर्दोषी ठरविलें. सरकारी वकील जॉन प्लंकेट ह्यांनीं तेवढ्यावर हार न खातां त्यांतील सात जणांवर दुसरा आरोप ठेवून महिनाअखेर पुन्हां खटला चालविला. ह्या वेळीं सातहि जण दोषी ठरले, आणि १८ डिसेंबरला त्यांस फांशी देण्यांत आलें. झोपड्या सांभाळणारा जॉर्ज अँडर्सन हा स्वतः कैदी असूनहि त्यानें निर्भयपणें जबानी दिली, हें विसरतां येत नाहीं.

परंतु ह्या खटल्यांत एक उणीव राहिली, आणि आमच्या मतें ती उणीव हीच ह्या साऱ्या कथेची किल्ली आहे. ठाण्यावर यिंतायिंतिन नांवाचा एक मूळ रहिवासी गुराख्याचें काम करी. गोरे त्याला डेव्ही म्हणत. टोळी बांधलेल्या माणसांना घेऊन निघाली तेव्हां तो लपतछपत मागोमाग गेला, आणि जें घडलें तें त्यानें आडोशानें पाहिलें. म्हणजे मारेकऱ्यांच्या बाहेरचा, प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहणारा मनुष्य तो होता. असें असून कोर्टांत त्याची जबानी झाली नाहीं. तत्कालीन कायद्याप्रमाणें साक्ष द्यावयाची तर बायबलावर शपथ घ्यावी लागे, आणि ज्याला त्या धर्माचें ज्ञान नाहीं त्याची शपथ ही शपथच नव्हे, असा दंडक होता. उरलेल्या चार आरोपींविरुद्ध तरी डेव्हीची जबानी घेतां यावी, म्हणून त्याला शपथेचा अर्थ शिकविण्यापुरती मुदत मागण्यांत आली. मुदत सरली तेव्हां डेव्ही कोठेंच सांपडला नाहीं. १८३९ सालच्या फेब्रुवारींत ते चौघेहि सुटून गेले. मूळ रहिवाशांची साक्ष शपथेवांचून ग्राह्य धरण्याचा कायदा त्या प्रांतांत व्हावयास १८७६ साल उजाडावें लागलें. आपल्याकडे ‘साक्षी’ ह्या शब्दाचा अर्थच मुळीं ‘साक्षात् पाहणारा’ असा आहे. ज्यानें साक्षात् पाहिलें तो साक्षी नाहीं, असें म्हणणाऱ्या न्यायासनापुढें हा खटला चालला, आणि तरीहि सात जण फांशीं गेले, हें एका दृष्टीनें आश्चर्यच म्हटलें पाहिजे.

येथें कोणी असें म्हणेल कीं, गुन्हा झाला, तपास झाला, शिक्षा झाली. मग आतां समेटाचें काय उरलें? इतर शेंकडों ठिकाणीं एवढेंहि झालें नाहीं! ह्या आक्षेपांत तथ्य आहे; परंतु शिक्षेनंतर काय झालें तें पाहिलें पाहिजे. त्या फांशीनें वसाहतींतील गोऱ्या समाजाचें मन पालटलें नाहीं. मूळ रहिवाशांना मारल्याबद्दल गोऱ्यांना फांशी ही गोष्टच त्यांना विपरीत वाटली. वर्तमानपत्रांतून संताप उसळला. हत्या थांबल्या नाहींत; त्या अधिक लपून होऊं लागल्या, आणि विषाचाहि उपयोग झाला. कायद्यानें गुन्हेगारांना दंड दिला, परंतु शेजाऱ्यांनीं तो दंड आपला मानला नाहीं. त्यांनीं त्यांतून घेतलेला धडा एवढाच कीं, बोलूं नये. पुढें दीडशें वर्षें त्या मुलुखांत त्या मौनाचें राज्य होतें. न्यायालयाचा निकाल कागदावर राहिला आणि टेकडीचा उतार मुका राहिला. ह्यावरून एक गोष्ट निघते. न्याय करणें हें राज्याचें काम असलें, तरी तो न्याय मनांत मुरविणें हें गांवाचेंच काम आहे. आणि तें काम गांवानें केलें नाहीं, तर राज्याचा न्यायहि अधांतरीं लोंबकळत राहतो.

१९६५ सालीं बिंगारा येथील एका गृहस्थानें ह्या कत्तलीचें स्मारक असावें अशी कल्पना मांडली. गांवांतून विरोध झाला व ती मागें पडली. विरोध करणारीं माणसें दुष्ट होतीं असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ज्या गांवांत आपण उद्यां बाजारास जाणार, ज्यांच्या मुलामुलींशीं आपल्या मुलांचीं लग्नें होणार, त्यांच्या पणजोबांचें नांव अशा प्रकरणांत उच्चारावें हें सोपें नसतें. मग १९९८ सालीं युनायटिंग चर्चच्या पुढाकारानें मायल क्रीक येथें समेटाविषयीं एक परिषद भरली. कत्तलींतून जीं थोडीं मुलें वांचलीं होतीं त्यांच्या वंशांतील एका मान्यवर स्त्रीनें तेथें आपल्या मनांत असलेली स्मारकाची गोष्ट बोलून दाखविली. दोन्ही समाजांच्या लोकांची एक समिति झाली. आणि १० जून २००० रोजीं, कत्तलीस बरोबर १६२ वर्षें झालीं त्या दिवशीं, टेकडीवरचें स्मारक उघडण्यांत आलें.

हें स्मारक म्हणजे पुतळा नाहीं, स्तंभहि नाहीं. ती एक पायवाट आहे. झाडींतून वळणें घेत जाणाऱ्या त्या वाटेवर ठिकठिकाणीं सात दगड बसविलेले असून त्यांवर घडलेली हकीकत क्रमानें, गमिलाराय भाषेंत व इंग्रजींत, लिहिलेली आहे. वाट संपते तेथें एक मोठी ग्रॅनाइटची शिळा आहे, आणि तिच्यापाशीं उभें राहिलें म्हणजे तो उतार समोर दिसतो. येथें खून झाला, तो आगळीक नसतां व योजून झाला, आणि ही शिळा दोन्ही समाजांच्या लोकांनीं मिळून सत्याच्या स्वीकारार्थ उभारली, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. उद्घाटनास वांचलेल्यांचे वंशज आले होते, तसे मारेकऱ्यांचेहि वंशज आले होते. कोणीं त्यांस समन्स पाठविलें नव्हतें. आपल्या घराण्याचें नांव त्या यादींत आहे हें कळल्यावर दार लावून घेणें त्यांस सहज शक्य होतें. तीं माणसें आलीं, आणि ज्यांच्या पूर्वजांस आपल्या पूर्वजांनीं मारलें त्यांच्या शेजारीं उभीं राहिलीं. ह्याच्या दोनच आठवडे आधीं, २८ मे रोजीं, सिडनीच्या बंदरावरील पुलावरून अडीच लाखांच्या आसपास लोक समेटासाठीं चालत गेले होते. तें दृश्य भव्य होतें ह्यांत संशय नाहीं. परंतु अडीच लाखांत मिसळून चालणारास आपलें नांव सांगावें लागत नाहीं. ह्या टेकडीवर तें सांगावें लागलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ज्यांनीं गुन्हा केला ते केव्हांच मातींत मिळाले. ज्यांनीं तो केला नाहीं, त्यांनीं ह्या गोष्टींत पडावयाचें कारण काय? पणजोबाच्या पापाचें प्रायश्चित्त पणतूनें घ्यावें, हा कोठला न्याय? हा आक्षेप ऑस्ट्रेलियांतच नव्हे, जगांत सर्वत्र घेतला जातो, आणि तो केवळ लबाडीचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पाप ज्याचें त्यास, ही गोष्ट खरीच आहे. परंतु येथें आपल्या जुन्या धर्मशास्त्रानें केलेला एक बारकावा उपयोगी पडण्यासारखा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणादानाचें जें प्रकरण आहे, त्यांत बापाचें ऋण पुत्रपौत्रांनीं फेडावें असें सांगितलें आहे. परंतु बापाला झालेला जो दंड भरावयाचा राहिला असेल तो मात्र मुलानें भरूं नये, असेंहि लगेच बजावलें आहे. म्हणजे दंड वारशानें येत नाहीं, ऋण येतें. ह्या पुत्रऋणाची कायदेशीर सक्ति आपल्या देशांत २००५ सालच्या कायद्यानें संपली. परंतु दंड आणि ऋण ह्यांतला भेद त्यामुळें खोटा ठरत नाहीं. मारेकऱ्यांचे वंशज त्या टेकडीवर आले ते आरोपी म्हणून आले नाहींत. त्यांस कोणी अपराधी म्हटलें असतें तर तो अन्याय झाला असता. ते आले ते ऋणको म्हणून. आणि ऋण मान्य करण्यानें कोणाची मान खालीं जात नाहीं.

हें ऋण कशाचें? एक तर भूमीचें, हें उघडच आहे. परंतु दुसरें एक ऋण आहे, व तें सत्याचें आहे. पूर्वजांनीं जी गोष्ट लपविली ती लपलेली राहूं देणें हें आजच्या माणसाचें आजचें कृत्य आहे. तें पणजोबाच्या माथीं मारतां येत नाहीं. १८३८ सालच्या तरवारीशीं आजच्या बिंगारेकराचा कांहीं संबंध नाहीं, परंतु १९६५ सालच्या मौनाशीं तेथील कित्येकांचा होता.

त्याच प्रकरणांत याज्ञवल्क्य आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती आम्हां मराठी लोकांस जवळची आहे. मृताचें धन जो घेईल त्यानें त्याचें ऋण फेडावें. मग तो पुत्र असो वा नसो. आज सिडनी, मेलबर्न ह्या शहरांत आपलीं मराठी कुटुंबें हजारोंनीं राहतात. तेथें मराठी मंडळें आहेत, गणेशोत्सव होतात, मुलांसाठीं मराठीचे वर्गहि चालतात. त्यांच्यापैकीं एखादा सहजच म्हणेल, ‘आमचे पूर्वज तेव्हां कोंकणांत नांगर धरीत होते, उलट आम्हीच इंग्रजांच्या राज्याखालीं भरडलों. ह्या जमाखर्चांत आमचें नांव कोठून आलें?’ दंडाच्या बाबतींत त्याचें म्हणणें सोळा आणे खरें आहे. परंतु त्या भूमीवर घर बांधणें, तिची सुबत्ता उपभोगणें, आणि तिच्या खात्यावरचें ऋण मात्र आपलें नाहीं म्हणणें, हें धन घेऊन ऋण टाळण्यासारखें आहे. त्यानें छाती बडवून घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या जागीं आपण गणपति बसवितों ती जागा कोणाची होती, ह्याची त्यानें चौकशी करावी, आणि जो सांगेल त्याचें ऐकून घ्यावें, एवढेंच. ज्याच्या पोटांत अपराधाचा डंख नाहीं त्याला हें ऐकणें अधिक सोपें जावें.

ह्यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्याहून कठीण आहे. तो असा कीं, दगड बसविणें स्वस्त असतें. स्मारकें झालीं, सभा झाल्या, डोळे पुसले, म्हणून कोणाला गेलेली जमीन मिळाली काय? तुरुंगांतील मूळ रहिवाशांचें प्रमाण लोकसंख्येच्या मानानें आजहि कितीतरी अधिक आहे, त्यांचें आयुर्मान इतरांहून कमी आहे, तें ह्यानें बदललें काय? १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड ह्यांनीं आईबापांपासून तोडून नेलेल्या मुलांची पार्लमेंटांत क्षमा मागितली. आणि १४ ऑक्टोबर २०२३ रोजीं, मूळ रहिवाशांचें म्हणणें पार्लमेंटापुढें मांडणारें एक मंडळ राज्यघटनेंत असावें कीं नाहीं ह्यावर लोकमत घेतलें, तेव्हां सुमारें साठ टक्के मतें विरुद्ध पडून सहाहि प्रांतांनीं तें नाकारलें. विरुद्ध मत देणारे सारेच निष्ठुर होते असें नाहीं. त्यांत मूळ रहिवासीहि होते, आणि त्यांच्यापाशीं त्यांचीं कारणें होतीं. तथापि जें मागितलें होतें तें मुख्यतः ऐकून घेण्याची सोय एवढेंच होतें, आणि तेंहि पदरांत पडलें नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे आक्षेपकाच्या कडवटपणाचें नवल वाटत नाहीं.

आम्ही ह्या आक्षेपास टाळाटाळीचें उत्तर देणार नाहीं. दगडानें ऋण फिटत नाहीं. परंतु जें ऋण वहींत लिहिलेलेंच नाहीं तें फिटणार कसें? सावकाराच्या वहींत खोट्या नोंदी असल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. येथें तर वहीचें पानच फाडलेलें होतें. मायल क्रीकच्या लोकांनीं तें पान पुन्हां शिवलें, आणि तेंहि अशा गांवांत कीं जेथें प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो. त्याची किंमत त्यांस मोजावी लागली. २००५ सालीं कोणीतरी त्या दगडांवरील पाट्या फोडल्या, आणि फोडतांना ‘खून’, ‘बायका’, ‘मुलें’ ह्या अर्थाचे शब्द शोधून ते नाहींसे करण्याचा प्रयत्न केला. छिन्नी चालविणारा मूर्ख नव्हता. एवढे शब्द गेले म्हणजे उरलेली शिळा निरुपद्रवी होते, हें त्याला बरोबर कळलें होतें. स्वस्त वस्तूंवर कोणी एवढे श्रम खर्चीत नाहीं. पाट्या दुरुस्त झाल्या, आणि दरसाल जून महिन्यांत लोक त्या वाटेनें जात राहिले. राष्ट्रीय वारशाच्या यादींत ह्या जागेचें नांव २००८ सालच्या जूनमध्यें, म्हणजे स्मारकानंतर आठ वर्षांनीं, दाखल झालें. गांव पुढें गेलें आणि राज्य मागाहून आलें, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

तेव्हां अशा प्रयत्नांचा गौरव व्हावा काय? व्हावा, असेंच आमचें मत आहे. परंतु त्यांत दोन भयें आहेत, तीं सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पहिलें भय असें कीं, गौरव ही एक प्रकारची पावती असते, आणि फेड होण्यापूर्वीं पावती फाडली कीं ऋणको निर्धास्त होतो. शाल-नारळ घेऊन घरीं गेलेला मनुष्य पुन्हां त्या वाटेवर येईलच असें नाहीं. दुसरें भय याहून सूक्ष्म आहे. अशा प्रसंगीं टाळ्या बहुधा पुढें आलेल्या ऋणकोला मिळतात. ‘काय मनाचा मोठेपणा!’ असें लोक म्हणतात. वस्तुतः मोठेपणाची गोष्ट काढावयाची, तर जे त्यांच्या शेजारीं येऊन उभे राहिले त्यांची आधीं काढली पाहिजे. ज्यांच्या आज्यापणज्यांस दोरानें बांधून नेलें, त्यांनीं मारेकऱ्यांच्या वंशजांस हातीं धरून त्या उतारावर न्यावें, ह्यास त्यांना कोणतेंहि शास्त्र भाग पाडीत नव्हतें. ऋण फेडणें हें कर्तव्य आहे. क्षमा कर्तव्य नाहीं, ती देणगी आहे, आणि देणगी मागून घेतां येत नाहीं. त्यांनीं ती दिली नसती, तर त्यांस दोष देण्याचा अधिकार कोणालाहि नव्हता. स्मारकाची गोष्ट प्रथम त्यांच्यांतीलच एका स्त्रीच्या तोंडून निघाली, हें गौरव करणारांनीं विसरूं नये.

मग गौरव कोणत्या रीतीनें करावा? ह्याचें उत्तर आम्हांस यिंतायिंतिनच्या त्या न झालेल्या जबानींत सांपडतें. न्यायासनापुढें जें त्याला बोलूं दिलें नाहीं, तेंच त्या सात दगडांवर आज लिहिलेलें आहे. कोर्ट उठलें, ज्यूरी घरीं गेली, आरोपी, वकील व न्यायाधीश सारे काळाच्या पोटांत गडप झाले, आणि १६२ वर्षांनीं त्याच मुलुखांतील शेतकऱ्यांनीं, शिक्षकांनीं, मूळ रहिवाशांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं मिळून ती साक्ष नोंदवून घेतली. आरंभीं आम्हीं विचारलें होतें कीं, जेथें पूर्वीचा स्नेह नव्हता तेथें समेटाचा अर्थ काय? आमच्या समजुतीप्रमाणें त्याचा पहिला अर्थ हाच होय: ज्याची साक्ष आजवर ग्राह्य धरली नाहीं, त्याची ती ग्राह्य धरणें. स्नेह, विश्वास, भूमीचा न्याय ह्या पुढच्या गोष्टी आहेत, आणि त्या आपोआप घडतात असें मुळींच नाहीं. परंतु ही पहिली गोष्ट झाल्यावांचून त्यांचा आरंभहि होत नाहीं. म्हणून ज्या गांवानें ही साक्ष घेतली त्याचा खरा गौरव म्हणजे ती साक्ष आपणहि ऐकून घेणें, आणि आपल्या टेकड्यांवर कोणाची साक्ष घ्यावयाची राहिली आहे तें विचारणें.

ऑस्ट्रेलियांत अशा उतारांची संख्या थोडी नाहीं. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्या खंडांतील कत्तलींचा नकाशा तयार करून २०१७ पासून लोकांपुढें ठेवला आहे, आणि त्यावरील ठिपके शेंकड्यांनीं मोजावे लागतात. त्यांतील बहुतेक जागीं ना खटला झाला, ना कोणी हॉब्स बोलला. प्रत्येक ठिपक्याजवळ आज एखादें गांव आहे, त्यांत एक दुकान, एक शाळा, एक चर्च आहे, आणि कोठेंतरी एखादें म्हातारें माणूस आहे ज्याला आजीकडून ऐकलेली एक गोष्ट ठाऊक आहे. राजधानींतील ठराव तेथवर पोंचत नाहींत. शेजारी पोंचूं शकतो. तो जाऊन त्या म्हाताऱ्यापाशीं बसेल काय, आणि ऐकतांना मधेंच ‘पण’ म्हणणार नाहीं काय, एवढ्यावर पुढचें सारें अवलंबून आहे.